न दिसणाऱ्या लक्ष्याचें माप

काळोख्या रात्रीं एखादा मुलगा आमराईंत दगड भिरकावीत आहे, अशी कल्पना करा. आंबे त्याला दिसत नाहींत. आंब्यावर दगड आदळल्याचा आवाज मात्र ऐकूं येतो. दगड किती फेकले, आवाज किती झाले आणि दगडांच्या वाटेंत आंबे किती लोंबत होते, हें ठाऊक असेल तर एकेका आंब्यानें किती जागा अडविली होती तें त्रैराशिकानें काढतां येईल. अणुकेंद्राचा 'काटच्छेद' म्हणतात तो हाच. १९३२ मध्यें जेम्स चॅडविक यांनीं न्यूट्रॉन शोधून काढला, आणि केंद्राच्या विद्युद्भाराला न जुमानतां थेट आंत शिरणारा दगड शास्त्रज्ञांच्या हातीं आला.

दृष्टान्त मात्र येथेंच लंगडा पडतो. दगड हळू फेकला म्हणून आंबा मोठा होत नाहीं, अणुकेंद्र होतें! सेकंदास २,२०० मीटर अशा मंद गतीनें येणाऱ्या न्यूट्रॉनला युरेनियम-२३५ च्या केंद्राचें विभाजनापुरतें क्षेत्र सुमारें ५८५ बार्न भासतें. न्यूट्रॉनची ऊर्जा दहा-वीस लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट झाली कीं तेंच क्षेत्र सव्वा बार्नच्या आसपास येतें. बार्न म्हणजे एका चौरस सेंटिमीटरचे, एकावर चोवीस शून्यें इतके, भाग केल्यास त्यांतील एक भाग. शब्दाचा मूळ अर्थ धान्याचें कोठार. १९४२ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत दोघां शास्त्रज्ञांनीं हें नांव थट्टेनें सुचविलें. अणूच्या जगांत एवढें लक्ष्य म्हणजे कोठारच, असा त्यांचा भाव. थट्टेंतलें नांव पुढें गंभीर ग्रंथांत रूढ झालें.

आतां मोजणीकडे वळूं. ट्रिटियमवर ड्यूटेरियमच्या केंद्रांचा मारा केला कीं सुमारें एक कोटी चाळीस लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे न्यूट्रॉन सुटतात. त्यांचा वेग प्रकाशाच्या सुमारें एक-षष्ठांश. परीक्षा करावयाच्या धातूचा वजन केलेला पातळ वर्ख अ‍ॅल्युमिनियमच्या दोन वर्खांमध्यें ठेवून या वर्षावांत धरतात. अ‍ॅल्युमिनियम कशासाठीं? तर न्यूट्रॉन नेमके किती आले हें कळणें, हेंच या कामांतलें अवघड. अ‍ॅल्युमिनियमच्या केंद्रांतून हा न्यूट्रॉन हेलियमचें केंद्र उडवून लावतो आणि १५ तास अर्धायुष्याचें सोडियम-२४ मागें राहतें. या क्रियेचा काटच्छेद, सुमारें ०.१२ बार्न, अनेकांनीं पारखून घेतलेला आहे. म्हणून सोडियमचे गॅमा किरण मोजून आलेले न्यूट्रॉन कळतात, आणि नमुन्याचे किरण मोजून त्यांतले लागले किती तें कळतें. वाण्याचें वजन खरें तर डाळ खरी, तसें हें. शिवाय भिंतींवर आपटून मंदावलेले न्यूट्रॉन परत येऊन हिशेब बिघडवितात. म्हणून शक्य तेथें यंत्र प्रशस्त दालनाच्या मध्यभागीं ठेवतात.

एवढा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. १ मार्च १९५४ रोजीं प्रशांत महासागरांतील बिकिनी येथें अमेरिकेनें 'कॅसल ब्राव्हो' हा हायड्रोजन बॉम्ब उडविला. स्फोट सुमारें ६० लक्ष टन टीएनटीइतका होईल, असा अंदाज होता. झाला १ कोटी ५० लक्ष टनांचा. इंधनांतल्या लिथियमपैकीं सुमारें ४० टक्के लिथियम-६ होतें, उरलेलें लिथियम-७. हें दुसरें निष्क्रिय, त्याचा हिशेब नको, असें लॉस अलामॉसच्या तज्ज्ञांनीं मानलें होतें. मंद न्यूट्रॉनांपुरतें तें खरेंही आहे. परंतु वेगवान न्यूट्रॉन त्या केंद्राला फोडतो. त्यांतून ट्रिटियम निघतें आणि वर एक न्यूट्रॉनही बाहेर पडतो. काटच्छेद ०.३ बार्नच्या आसपास. लहानच, पण शून्य नव्हे! रोंगेलाप बेटाच्या रहिवाश्यांवर किरणोत्सर्गी राख पडली. धोक्याच्या घोषित क्षेत्राबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांवरही ती पडली. त्यांपैकीं बिनतारी यंत्र सांभाळणारे आइकिची कुबोयामा त्याच सप्टेंबरांत मरण पावले. न मोजलेल्या रकान्यांत शून्य मांडणारा विद्यार्थी आम्हां मास्तरांच्या परिचयाचा असतो. एवढ्या मोठ्या पाटीवर तसें घडावें याचें मला राहून राहून नवल वाटतें.

हाच आकडा आज निराळ्या कामीं लागतो. सूर्याप्रमाणें केंद्रांचें मीलन घडवून वीज काढावयाची तर ट्रिटियम हवें, आणि तें निसर्गांत जवळजवळ नाहीं. अर्धायुष्य अवघें सव्वाबारा वर्षें. तेव्हां भट्टीभोंवतीं लिथियमचें वेष्टन घालून तिच्याच न्यूट्रॉनांकडून तें करवून घ्यावयाचें, असा बेत आहे. जळालेल्या प्रत्येक ट्रिटियम-केंद्रामागें एकाहून थोडें अधिक मिळालें तरच हा प्रपंच चालावयाचा. येथें दोन-चार टक्केही जड आहेत. १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील हार्वेल येथें लिथियममध्यें तयार झालेलें ट्रिटियम गोळा करून मोजलें, तेव्हां कोष्टकांतला रूढ आकडा बराच मोठा असल्याचें आढळलें. मग इतर प्रयोगशाळांनीं पुनः मोजणी केली, आणि कोष्टक बदललें.