फळ्यावरची अर्धी ओळ



माईक हातात आलाच आहे, तर एक जुना हिशेब मिटवते. आठवीत गणिताच्या तासाला मी कधीकधी फळ्यावरची अर्धीच ओळ उतरवायचे. उरलेली दिसत नाही म्हटलं, की "नाटकं करते" असं ठरायचं. घरच्यांनी मिरजेला नेऊन डोळे तपासले. चष्मा लागला, तरी ओळ गायब व्हायचीच.

आई कपाळाला सुंठ उगाळून लावायची आणि म्हणायची, "अर्धशिशी आहे ही." तिचंच बरोबर होतं. ते पटायला मला इंजिनिअरिंगची पदवी, पुण्यातली नोकरी आणि पस्तिशी लागली.

आधी एक ठिपका लुकलुकतो. त्याची नागमोडी, चमकती रेघ होते आणि वीस-पंचवीस मिनिटं ती कडेकडे पसरत जाते. तिच्या आतलं काही दिसत नाही. स्क्रीनवरच्या कोडमधला कंससुद्धा. मग अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात. एक डोळा झाकला तरी रेघ तशीच, कारण ती डोळ्यात नसते, मेंदूच्या मागच्या भागात असते. कार्ल लॅशली या शास्त्रज्ञाने १९४१ साली स्वतःला दिसणाऱ्या रेघेवरून हिशेब मांडला, की मेंदूवरून काहीतरी मिनिटाला तीन मिलिमीटर वेगाने सरकतंय. हे वाचलं त्या रात्री मी रडले. माझं नाटक कुणीतरी फूटपट्टी लावून मोजलं होतं!

चूक माझीही झाली. ऑफिसात कळू नये म्हणून मी वेदनाशामक गोळ्या खात राहिले. महिन्यातले दहा-पंधरा दिवस गोळ्या घेतल्या, तर त्यांनीच डोकं दुखायला लागतं, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. त्या सोडतानाचे आठवडे नवऱ्याला विचारा.

आपल्यातले काही जण आता शिक्षक आहेत. वर्गातलं पोर "अर्धं दिसत नाही" म्हणालं, तर एकाच डोळ्याला की दोन्ही, एवढं विचारा आणि पालकांना डॉक्टरकडे पाठवा.

आणि बाकावरची माझी मैत्रीण, तू मागे बसली आहेस, मला दिसतेयस. काही न विचारता तू वही माझ्याकडे सरकवायचीस. कॉलेजात तशी वही कुणी सरकवली नाही गं.

आता ग्रुप फोटो आहे. फ्लॅश मला चालत नाही, मी गॉगल लावणार. चिडवायचं ते आत्ताच चिडवून घ्या.