पाणी उताराकडे येतं

(युवक शिबिरात केलेलं भाषण. छापताना थोडंच नीट केलं आहे.)



मला पावसावर बोलायला सांगितलंय. हा कविता करतो म्हणजे आता ढग आणि मोर काढणार, असं कुणाला वाटलं असेल तर माफ करा. मी दहावी पास, गोदीत ठेक्यावर माल उचलतो. आमच्याकडे पहिल्या सरीला मातीचा वास येत नाही. नाल्याचा येतो.

२६ जुलै २००५. मी सात वर्षांचा होतो. आमचं घर कुर्ल्याला, मिठीच्या काठावर. मिठी म्हणजे विहार-पवईच्या तलावांचं जादा पाणी माहीमच्या खाडीत नेणारी नदी. लांबी जेमतेम १८ किलोमीटर. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याला फक्त ७३. त्यात दुपारी चारच्या सुमाराला भरती. वरून आभाळ, खालून दर्या. गटारांची समुद्रात उघडणारी तोंडं भरतीच्या पाण्याखाली गेली. ती गटारं इंग्रजांच्या काळातली. तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटी असेल तर, एवढाच त्यांचा हिशेब. पाणी बाहेर जाईना, उलटं आत येऊ लागलं.

पेपरवाले म्हणाले, निसर्गाचा कोप. अरे, विमानतळाच्या धावपट्टीसाठी मिठीला वाकवली ती निसर्गानं? खाडीतली तिवरं बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं ते ढगांनी? नदीचा गळा आवळला तर पाणी जाणार कुठं? उताराकडे. आणि या देशात उतारावर कोण राहतं, हे तुम्हाला मी काय सांगू? गावात ओढ्याचं वरच्या अंगाचं पाणी त्यांचं, खालच्या अंगाचं आपलं. शहरातही तीच उतरंड, फक्त सिमेंटची. १९२७ साली बाबासाहेबांना महाडला ओंजळभर पाण्यासाठी लढावं लागलं. आज तेच पाणी न बोलावता आपल्या घरात घुसतं. आणि पूर ओसरला की अतिक्रमण म्हणून पहिलं बोट आपल्याच झोपडीकडे.

माझा बाप ठेकेदाराकडे नालेसफाईला होता. मे महिन्यात गाळ काढायचा. काढलेला गाळ काठावरच पडून राहायचा. गाडी आज येईल, उद्या येईल, तोवर पहिली सर यायची आणि गाळ परत नाल्यात. त्या २६ जुलैला तो गाळ आमच्या घरात आला. दुसऱ्या दिवशी बापानं मूठभर हातात घेतला आणि म्हणाला, "ह्यो माझाच हाय." आईनं बाबासाहेबांचा फोटो रात्रभर डोक्यावर धरला होता, तेवढा वाचला. बाकी सगळं गेलं. मदतीच्या रांगेत एका कचेरीतला कारकून म्हणाला, रेशनकार्ड दाखवा. आई म्हणाली, "साहेब, तेच तर वाहून गेलं."

आता जे सांगतो ते मला कवितेत लिहिता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. रात्रीचे दोन. गल्लीत कमरेइतकं पाणी. शेजारची म्हातारी खाटेवर, खाट टेबलावर. चेंबर तुंबलेला. मुकादम आला, म्हणाला, एक पोरगा उतरवा, दुप्पट पैसे देतो. आमच्यातलाच एक पोरगा उतरला. एकोणीस वर्षांचा. मास्क नाही, पट्टा नाही. कमरेला दोरी, आणि ती दोरी माझ्या हातात. तीनदा बुडी मारली त्यानं. चौथ्यांदा दोरी हललीच नाही. आम्ही ओढून काढला. उलटी केली, शुद्धीवर आला, जगला. पाणी उतरलं. म्हातारीनं त्याची अलाबला घेतली. मुकादमानं पैसे मोजले. तेही ठरल्यापेक्षा कमी.

दोस्तांनो, गल्ली बुडू द्यायची की पोरगा उतरवायचा, हे दोनच रस्ते आपल्यासमोर ठेवलेत. दोन्हीकडे मरणारा आपलाच. माणसाला असं गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. गटारात मेला तर कुटुंबाला दहा लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं. २०२३ साली ते तीस लाख केले. मेल्यावरचा भाव वाढला. जिवंतपणी मास्क मात्र मिळाला नाही.

म्हणून तिसरा रस्ता आपणच पाडायचा. तो रात्री दोन वाजता सापडत नाही, मे महिन्यात शोधावा लागतो. नाल्याच्या काठावर पडलेल्या गाळाचे तारखेसह फोटो काढा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मशीन आल्याशिवाय हलू नका. भरतीच्या वेळा वस्तीच्या फळ्यावर लिहा. कोळी लोकांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. भरती आणि जोराचा पाऊस एकत्र येणार असेल तर म्हाताऱ्यांना आणि पोरांना आधीच वरच्या शाळेत हलवा. पाणी दारात आलं की आधी मेन स्विच बंद. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर. तुंबलेल्या पाण्यात चालताना पुढं काठी टेकत चला. उघडं झाकण दिसत नाही, ते माणूस गिळतं. पुराच्या पाण्यातून चाललात तर तीन दिवसांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन लेप्टोची गोळी विचारा. पंचनामा झाला की त्याची नक्कल मागा.

हे काय क्रांतीचं काम आहे, असं कुणी म्हणेल. ज्याच्या घरात पाणी शिरलं नाही तोच असं म्हणेल.

दरवर्षी पूर ओसरला की मुंबईच्या स्पिरिटचं कौतुक होतं. आम्ही दुसऱ्या दिवशी कामावर जातो, कारण न गेलो तर पगार कापतात. त्याला स्पिरिट म्हणू नका.

शेवटचं. तो पोरगा आज इथं बसलाय. मी त्याच्याकडे बघून बोलतोय. गड्या, पुन्हा मुकादम आला तर मी दोरी धरणार नाही. मुकादमाचा रस्ता धरीन. तुमच्यातले किती जण माझ्या बाजूला उभे राहतील, ते आत्ताच हात वर करून सांगा. पावसाळा लांब नाही.

जय भीम.