राऊटरचे घड्याळ आणि कुवेतचा आठवडा

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्लाइड्स वगळल्या आहेत.)



विषय जाहीर झाल्यापासून मागच्या रांगेतली मुलं माझ्याकडे जरा संशयानेच बघतायत. त्यांना आधीच सांगतो, मी कोणाच्याही बाजूने आलेलो नाही.

कार्यकारिणीने मला सांगितलं, "रात्री दहानंतर इंटरनेट आपोआप बंद कसं करायचं तेवढं अर्ध्या तासात सांग." खरं तर याचं उत्तर दोन मिनिटांचं आहे. राऊटरच्या पानावर शेड्यूल किंवा पॅरेंटल कंट्रोल असं काहीतरी असतं, तिथे वेळ टाकायची, झालं. पण हे दोन मिनिटांचं उत्तर ज्यांना ज्यांना दिलं, त्यांचे आठ-दहा दिवसांत फोन आले, की वेळ लावली पण चालतच नाही, किंवा भलत्या वेळी चालते. म्हणून उरलेली अठ्ठावीस मिनिटं "का चालत नाही" यावर.

आपल्या इमारतीखाली हारिस बसतो. समजा त्याच्या हातात एक कागद दिला: तिसऱ्या मजल्यावरच्यांचे पाहुणे सोड, पाणीवाल्याला सोड, बाकी कोणाला सोडू नकोस. माणूस आला की हारिस कागद वरून खाली वाचतो, जी ओळ पहिली लागू पडेल तसं करतो, आणि पुढचं वाचत नाही. राऊटरचा फिल्टर हा असाच कागद आहे. डेटाचं प्रत्येक पाकीट दाराशी आलं की तो ओळी वाचतो. त्यामुळे ओळींचा क्रम फार महत्त्वाचा. सगळ्यात वर "सर्वांना सोड" लिहिलेलं असेल, तर खाली कितीही कडक नियम लिहा, तिथपर्यंत वाचतंय कोण? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

आता ओळीपुढे वेळ लिहायची, "रात्री १० ते पहाटे ५". आम्ही ऑफिसमध्ये जे सिस्कोचे राऊटर वापरतो त्यात याला टाइम रेंज म्हणतात. ओळ कागदावर चोवीस तास असते, पण त्या वेळेतच जिवंत होते. म्हणजे हारिसला आता कागदाबरोबर एक घड्याळ आणि एक कॅलेंडर लागलं. खरी गंमत या दोन वस्तूंत आहे.

आधी घड्याळ. तुमच्या मनगटावरच्या घड्याळात सेल असतो, पण घरातल्या बहुतेक राऊटरमध्ये वेळ सांभाळायला सेल नसतो. वीज गेली की त्याची वेळ गेली. वीज आल्यावर तो इंटरनेटवरच्या वेळ-सर्व्हरला विचारतो, आत्ता किती वाजले? याला एनटीपी म्हणतात. उत्तर मिळेपर्यंत तो एक ठरलेली तारीख धरून चालतो. सेल नसलेले सिस्कोचे जुने राऊटर जागे होतात ते १ मार्च १९९३ च्या मध्यरात्री. घरगुती राऊटर बऱ्याचदा १ जानेवारी १९७० ला, कारण युनिक्सची कालगणना तिथून सुरू होते. (आपल्याकडे शालिवाहन शक तसा त्यांचा हा शक.) आता समजा दुपारी दोनला वीज येऊन-जाऊन झाली आणि वेळ-सर्व्हर काही सापडला नाही. राऊटरच्या दृष्टीने मध्यरात्र आहे, रात्रीचा नियम लागू आहे, आणि भर दुपारी मुलांचं इंटरनेट बंद.

कुवेतमध्ये वीज कुठे जाते, असं आपण मोठ्या ऐटीत म्हणायचो. पण जून २०२४ मध्ये इथल्या वीज मंत्रालयाने काही भागांत गर्दीच्या तासांना ठरवून वीज बंद ठेवली, आणि २०२५ मध्ये तर एप्रिलमध्येच पुन्हा तो प्रकार झाला. भारनियमन हा शब्द आपण महाराष्ट्रात सोडून आलो होतो, तो इथे भेटला. म्हणून राऊटरच्या पानावर एनटीपी चालू आहे ना, आणि टाइमझोन कुवेत, म्हणजे यूटीसी अधिक तीन तास आहे ना, हे दोन्ही बघा.

टाइमझोनचं आणखी एक. बरेच राऊटर आतून लिनक्सवर चालतात. लिनक्सच्या आयपीटेबल्स फिल्टरमध्ये वेळेचा नियम हाताने लिहिला आणि वेगळं काही सांगितलं नाही, तर तो वेळ यूटीसी धरतो. तुम्ही लिहिलं रात्री दहा, बंद होतं रात्री एक वाजता. तुम्ही लिहिलं पहाटे पाच, उघडतं सकाळी आठला. नियम बरोबर, यंत्र बरोबर, तरी तीन तास चुकलेले.

आता कॅलेंडर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कुवेतमध्ये काम करणाऱ्याला हे सोडून चालत नाही. सिस्कोमध्ये रोज एकेक वार लिहायचा कंटाळा येऊ नये म्हणून दोन तयार शब्द आहेत, वीकडेज आणि वीकएंड. वीकडेज म्हणजे सोमवार ते शुक्रवार, वीकएंड म्हणजे शनिवार-रविवार. कॅलिफोर्नियात बसून लिहिताना हे अगदी स्वाभाविक वाटलं असणार! आपल्याकडे मात्र सुट्टी शुक्रवार-शनिवार. पुस्तकातलं उदाहरण तसंच उतरवलं तर शुक्रवारी रिकाम्या ऑफिसवर पहारा, आणि रविवारी, आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, दार सताड उघडं. त्यामुळे मी इथे ते दोन शब्द वापरतच नाही. वार एकेक करून लिहितो.

आणि हा आठवडाही कायमचा नाही. इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, पूर्वी सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. १ सप्टेंबर २००७ पासून ती शुक्रवार-शनिवार झाली. मी तेव्हा इथे नव्हतो, पण त्या वेळच्या माणसांची दया येते. रात्रीचा बॅकअप, दाराची कार्डं, इंटरनेटचे नियम, जिथे जिथे "गुरुवार" लिहिलेलं होतं ती प्रत्येक ओळ शोधून बदलायची! अशा वेळी ज्याने वेळेला एक नाव देऊन ती एकाच जागी लिहून ठेवलेली असते, तो लवकर घरी जातो.

मग येतो रमजान. कुवेतच्या २०१० च्या कामगार कायद्यात आठवड्याचे कामाचे तास ४८ आहेत, रमजानात ३६. म्हणजे ऑफिसच्या वेळेवर बांधलेला प्रत्येक नियम महिनाभर बदलतो. राऊटरला "दर आठवड्याला" समजतं, "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" समजतं, पण हिजरी महिना समजत नाही. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून सण ऋतूला धरून ठेवतात, त्यामुळे दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही. हिजरीत ती सोय नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात पुन्हा सुरू होईल. त्यात पहिला दिवस चंद्रदर्शनावर, आदल्या संध्याकाळी ठरणार. म्हणून दरवर्षी त्या संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून बसलेला असतो. ऑफिसातल्या यंत्रांनाही चंद्राची वाट बघावी लागते, आणि त्यांच्या वतीने ती मी बघतो.

आता घरी येऊ. आपल्या मुलांची शाळा रविवार ते गुरुवार. म्हणजे बंदी हवी शनिवार ते बुधवारच्या रात्री, आणि गुरुवार-शुक्रवारच्या रात्री सूट. सोपं वाटतं, नाही का? वार निवडले शनिवार ते बुधवार, वेळ टाकली १० ते ५. पण रात्री बारा वाजता वार बदलतो! बरेच राऊटर "शनिवार, १० ते ५" याचे दोन तुकडे करतात: शनिवारची पहाट, आणि शनिवारची रात्र बारापर्यंत. परिणाम असा, की शुक्रवारच्या रात्रीची सूट बाराला संपते, आणि बुधवारी रात्री बारानंतर, गुरुवारची शाळा डोक्यावर असताना, इंटरनेट सुरू. हे मुलांना आईवडिलांच्या आधी कळतं. मागची रांग हसतेय, म्हणजे कळलेलं आहे! उपाय असा, की बाराच्या अलीकडचा एक नियम आणि पलीकडचा दुसरा असे दोन लिहायचे, दुसऱ्याचे वार एकाने पुढे, म्हणजे रविवार ते गुरुवार.

दुसरी पळवाट. आधीपासून चालू असलेलं कनेक्शन बरेच फिल्टर अडवत नाहीत, फक्त नवीन अडवतात. नऊ पन्नासला सुरू केलेला खेळ साडेअकरापर्यंत चालू शकतो. तिसरी, फोन आपला मॅक अॅड्रेस, म्हणजे यंत्राची ओळख, बदलू शकतो. अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला एक बनावट पत्ता देतात, आणि ती सोय बंद केली की पत्ता बदलतो. हारिसच्या कागदावर जुनंच नाव राहतं. चौथी पळवाट सगळ्यांना माहीत आहे, सिमकार्डचा डेटा. त्यावर तुमच्या राऊटरची काही सत्ता नाही.

एवढं सगळं ऐकून काही पालक म्हणतात, कटकट नको, दहाला वायफायच बंद करून टाकतो. मला इथे थांबवावंसं वाटतं. कुवेत भारताच्या अडीच तास मागे आहे. तिकडे पहाटे साडेपाचला आई उठते तेव्हा इथे रात्रीचे तीन. आणि तिकडून येणारे फोन हल्ली बहुतेक इंटरनेटवरूनच येतात. सत्तरीतल्या वडिलांना पहाटे दवाखान्यात नेलं, तर तो कॉल येणार कुठून? ज्या वायफायला आपण कुलूप लावलं, तिथूनच. रात्री मोबाइल डेटा बंद ठेवण्याची सवय आपल्यापैकी किती जणांना आहे, हात वर करा. बघा. म्हणून नियम घरावर नको, यंत्रावर हवा. मुलांचा टॅब्लेट आणि गेमचा डबा यांची नावं कागदावर घाला, आईबाबांचे फोन मोकळे सोडा. त्यासाठी मुलांच्या यंत्रांना वेगळं वायफाय नाव दिलं, तर मॅक अॅड्रेसचा घोळही सुटतो. फक्त मोठ्यांच्या वायफायचा पासवर्ड घरातल्या सगळ्यांना माहीत नसावा.

सगळ्यांवर एकच कुलूप घातलं की काय होतं, ते शेजारी इराकमध्ये दिसतं. तिथे बोर्डाच्या परीक्षांत पेपर फुटू नयेत म्हणून सरकारने २०१५ पासून अनेकदा परीक्षेच्या दिवशी पहाटेचे काही तास अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद ठेवलं. पेपर काही हजार मुलांच्या हाती लागू नये म्हणून दवाखाने, दुकानं, बँका, सगळेच अडकले. मला हा उपाय अडाणीपणाचा वाटतो.

उलट आपल्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव घ्या. तिथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. टीव्ही आणि मोबाइल बाजूला, मुलं अभ्यासाला, साडेआठला दुसरा भोंगा. कोणाच्याही राऊटरला हात न लावता वेळेचा नियम! तो चालला, कारण मोठ्यांनीही आपले फोन ठेवले. आपल्या घरात भोंगा नाही, राऊटर आहे. पण दहा वाजता मुलाचा टॅब्लेट बंद होतो तेव्हा बाबा सोफ्यावर मोबाइलवर क्रिकेट बघत असतील, तर तो पळवाट शोधणारच, आणि शोधेलच. तुमच्यापेक्षा त्याच्याकडे वेळ जास्त आहे.

तेव्हा आज घरी गेल्यावर आधी फक्त राऊटरची वेळ बघा, नियम नंतर लिहा. नियम लिहिलात की पहिल्या आठवड्यात बुधवारी रात्री सव्वाबाराला आणि शुक्रवारी रात्री सव्वाबाराला स्वतः तपासा. या दोन वेळा बरोबर निघाल्या तर बाकीचं सहसा बरोबर असतं. एकदा राऊटरची वायर काढून परत लावा आणि पुन्हा वेळ बघा.

ज्यांनी राऊटरखालच्या स्टिकरचा फोटो आणला असेल त्यांनी चहाच्या टेबलापाशी या, एकेकाचं बघू. मुलांनीही या. तुम्हाला सापडलेल्या पळवाटा मला ऐकायच्या आहेत.