वाढीव वॉरंटी आणि बिलाचा कागद

(राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबरला, सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, बँकेतले अनुभव सांगा." मी म्हटलं, ते अनुभव माझ्या घरचेही आता ऐकत नाहीत. त्यापेक्षा दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आपल्या गेटमधून जे मोठमोठे खोके आत आले, त्यांच्याबद्दल बोलतो. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन. पनवेलच्या दुकानातून आलेले, ऑनलाइन मागवलेले. त्यातल्या बऱ्याच बिलांवर वस्तूच्या खाली आणखी एक ओळ असते, 'एक्स्टेंडेड वॉरंटी'. दोन हजार, तीन हजार, कधी त्याहून जास्त. हप्त्यावर वस्तू घेतली तर ही रक्कम हप्त्यातच मिसळलेली असते, त्यामुळे ती डोळ्यांत भरत नाही.

काउंटरवरचा मुलगा एकच वाक्य बोलतो, "साहेब, वर्ष संपलं की कंपनी हात वर करते." हे वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तो सांगत नाही.

कंपनीची जी एक वर्षाची वॉरंटी असते, तिचे पैसे आपण वस्तूच्या किमतीतच दिलेले असतात. वाढीव वॉरंटी हा वेगळा करार आहे. तो पुष्कळदा टीव्ही बनवणाऱ्या कंपनीचा नसतोच, तिसऱ्याच कुणाचा तरी असतो. त्याच्या अटी बारीक अक्षरात असतात. बाहेरून झालेली मोडतोड नाही, विजेच्या दाबानं जळलेलं नाही, रिमोट नाही, प्लास्टिकचे भाग नाहीत, एसीचा गॅस नाही, अशी 'नाही'ची यादी बरीच मोठी असू शकते. वस्तू दुरुस्त होत नसेल तर काही करारांत घसारा वजा करून पैसे देतात. बँकेत आम्ही यंत्रांवर घसारा लावायचो, पण तो कर्जदाराला आधी समजावून.

आणि या दोन्हींशिवाय तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे कायदा. ती विकत घ्यावी लागत नाही, म्हणून तिचं नावही कुणी काढत नाही.

पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. आमच्या मुंबईच्या शाखेतले कितीतरी सहकारी तिच्या संघातून महिन्याचं किराणा सामान घ्यायचे. ग्राहक संरक्षण कायदा झाला तो त्यानंतर, १९८६ साली २४ डिसेंबरला, म्हणून आजचा दिवस. आता त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे, जुलै २०२० पासून लागू. या कायद्यात दोष म्हणजे काय? कायद्यानं किंवा करारानं जो दर्जा असायला हवा, त्यातली उणीव. आणि करार म्हणजे फक्त छापलेला नव्हे, न बोलता गृहीत धरलेलासुद्धा. पस्तीस हजारांचा फ्रीज चौदा महिन्यांत बंद पडण्यासाठी कुणी घेत नाही, हे दुकानदारालाही ठाऊक असतं. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत भिंतीची शोभा, एवढंच.

पण मी इथे कायद्याची जाहिरात करायला उभा नाही. ज्यांची मुलं जर्मनीत आहेत त्यांना माहीत असेल, युरोपात विकणारा किमान दोन वर्षं जबाबदार असतो आणि पहिल्या वर्षात बिघाड दिसला तर तो मुळातच होता असं धरतात. आपल्या कायद्यात असा वर्षांचा आकडा नाही. मूळ बनावटीतच दोष होता हे बहुतेक वेळा आपल्याला दाखवावं लागतं. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याची फी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. वर्ष उलटल्यावर वाट अवघड होते ती इथे. म्हणून मुलाचं वाक्य अर्धं खरं.

आता बी विंगमधली एक हकीकत, त्या घरच्यांच्या परवानगीनं. नावं सांगत नाही, दुकानाचंही नाही. टीव्ही बत्तीस हजारांचा, वाढीव वॉरंटी दोन वर्षांची, छत्तीसशे रुपयांना. घरात आजी, दिवसभर एकट्या, सोबतीला तोच टीव्ही. चौदाव्या महिन्यात पडद्यावर उभ्या रेघा आल्या. दुकान म्हणालं, वॉरंटीवाल्यांना फोन करा. त्यांचा माणूस आला, फोटो काढून गेला आणि चार दिवसांनी मेसेज आला, 'बाह्य आघात, दावा नामंजूर'. मी त्यांचा कागद मागवून वाचला. त्यांच्याच माणसानं पाहणीत लिहिलं होतं, 'पॅनेलवर रेघा', बस. तडा नाही, ओरखडा नाही. मग आघात आला कुठून? तसं पत्र आम्ही दुकान आणि वॉरंटी कंपनी दोघांना धाडलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांत आघाताची भाषा बंद झाली. पण हातात काय आलं? घसारा वजा करून त्याच दुकानाचं व्हाउचर. माझ्या मते आयोगात जायला हवं होतं, कारण पैसे घेऊन सेवा न देणं हीसुद्धा त्या कायद्यात त्रुटी आहे, वाढीव वॉरंटी त्यातून सुटत नाही. पण आजी दीड महिना रिकाम्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी व्हाउचर घेतलं. मी आग्रह केला नाही.

उलट बाजूही बघा. सी विंगमध्ये एक मायक्रोवेव्ह वर्ष पूर्ण होण्याआधी तीनदा एकाच कारणानं बंद पडला. वाढीव वॉरंटी नव्हती. पण वहिनींनी प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवला होता. तेराव्या महिन्यात चौथ्यांदा बंद पडल्यावर कंपनी म्हणाली, मुदत संपली. वहिनींनी वही दाखवली, दोष मुदतीतलाच आहे, तुम्हीच तो काढू शकला नाहीत. कंपनीनं बदलून दिला. छत्तीसशेच्या कागदानं जे केलं नाही ते तारखांच्या वहीनं केलं.

मग वाढीव वॉरंटी घ्यावी की नाही? मी घेत नाही. कारखान्यातले इंजिनिअर बिघाडांची रेषा काढतात, ती आंघोळीच्या टबासारखी असते. सुरुवातीला उंच, मध्ये सपाट, शेवटी पुन्हा उंच. सुरुवातीचे बिघाड बरेचसे कंपनीच्या वर्षात येतात, म्हातारपणचे बिघाड सहसा वाढीव मुदत संपल्यावर. विकत घेतलेली वर्षं बहुधा त्या सपाट भागातली. घरात पाच वस्तू, प्रत्येकी तीन हजार धरा, पंधरा हजार झाले. तेवढी रक्कम 'दुरुस्ती' नावाच्या आवर्ती ठेवीत ठेवा. काही बिघडलं नाही तर व्याजासकट आपलीच. मात्र खुद्द कंपनीची वाढीव वॉरंटी असेल, पॅनेल किंवा पीसीबीसारखा महाग भाग त्यात लेखी धरला असेल आणि रक्कम माफक असेल, तर घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. अटी आधी मागा. 'नंतर मेलवर येतील' म्हणाले तर पैसेही नंतर द्या.

बिलाचं तेवढं सांभाळा. हल्लीची थर्मल कागदाची बिलं वर्षभरात कोरी होतात, कपाटातल्या प्लास्टिकच्या पाकिटात तर लवकरच. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या.

अलिबाग लांब आहे, हे मला पटतं. आपला जिल्हा आयोग तिथे. पण पूर्वी विरुद्ध पक्ष जिथला, किंवा व्यवहार जिथे झाला, तिथे जावं लागे. आता आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मग कंपनी बंगळूरूची असो. तक्रार ऑनलाइन भरता येते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ऑनलाइन दुकानाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असा नियम आहे.

कमिटीसाठी एक गोष्ट. कायद्यातल्या 'व्यक्ती'च्या व्याख्येत सहकारी संस्थाही येते. म्हणजे आपला पंप, सीसीटीव्ही, इंटरकॉम यांच्यासाठी सोसायटी स्वतः तक्रार करू शकते. नव्या कॅमेऱ्यांचं बिल आणि वॉरंटी कार्ड ऑफिसच्या फाइलला लावलंय का, हे खजिनदारांनी उद्याच बघावं. मी परवा शोधलं, मला सापडलं नाही.

जानेवारीतल्या प्रत्येक रविवारी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. आपापली बिलं आणि वॉरंटीचे कागद घेऊन या, चष्मा मी आणतो. आता प्रश्न विचारा, डी विंगच्या नानांचा हात मघापासून वर आहे.