टॅबलेटमधील ॲप : घेताना, ठेवताना आणि काढताना

(संस्थेच्या सभागृहात रविवारच्या वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी संगणकाची तज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवीधर आहे आणि बँकेत कारकून म्हणून काम करते. पण काउंटरवर बसले की लोकांचे सुखदुःख पासबुकाबरोबर समोर येते. त्यातूनच जे शिकले ते सांगणार आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. नगरपालिकेतून निवृत्त झालेले एक काका पेन्शन काढण्यासाठी आमच्याकडे येतात. एके दिवशी गर्दीच्या वेळी मी त्यांना घाईघाईने म्हटले, "काका, तुमची केवायसी राहिली आहे, करून घ्या." चार दिवसांनी त्यांच्या टॅबवर संदेश आला : केवायसी करा, नाहीतर खाते बंद होईल. खाली बँकेचे चिन्ह आणि एक फाईल. काकांना वाटले, मॅडम म्हणाल्या होत्या तेच हे. त्यांनी फाईल उघडली, ॲप बसले. त्यात खात्याची आणि कार्डाची माहिती भरली. टॅबने विचारले, या ॲपला तुमचे एसएमएस वाचू द्यायचे का? काकांनी होकार दिला. टॅबमध्ये त्यांचेच सिमकार्ड होते. नातीच्या प्रवेशासाठी ठेवलेले बेचाळीस हजार रुपये रात्रीतून गेले. मुलगा रागावेल म्हणून ते दोन दिवस कोणाला बोलले नाहीत. तक्रारीनंतर थोडी रक्कम थांबवता आली, बाकीची गेली. काका मला एवढेच म्हणाले, "मॅडम, यंत्रच विचारते आहे म्हटल्यावर द्यावे लागते असे वाटले."

मित्रहो, ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. काकांना वाचता येत होते. 'नाही' म्हणता येते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते. म्हणून आजचे हे बोलणे.

ॲप कोठून घ्यावे?

ॲप म्हणजे एका विशिष्ट कामासाठी केलेला छोटा कार्यक्रम. ॲपलने २००८ साली आपले ॲप स्टोअर सुरू केले. गुगलचे दुकान २०१२ पासून गुगल प्ले या नावाने ओळखले जाते. टॅब अँड्रॉइडचा असेल तर प्ले स्टोअर आणि आयपॅड असेल तर ॲप स्टोअर, ॲप याच दुकानातून घ्यावे. संदेशातून आलेल्या फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतील तर ती पत्रिका किंवा पावती नसून ॲप असते. मग ती लग्नाची पत्रिका म्हणून येवो, वाहनाचा दंड म्हणून येवो की वीजबिल म्हणून. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आली तरी उघडू नये, कारण त्याचाही फोन फसवणाऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. अशा वेळी अँड्रॉइड 'अज्ञात स्रोताला परवानगी द्यायची का' असे विचारतो. तेथे थांबावे. बँकेचे काम असेल तर शाखेत येऊन विचारावे.

दुकानात गेलो म्हणजे सारे सुरक्षित असेही नाही. शोध घेतल्यावर पहिल्या ओळीत पुष्कळदा जाहिरात असते. तेथे बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेले असते. म्हणून ॲपच्या नावाखाली ते बनविणाऱ्याचे नाव वाचावे. सरकारी डिजिलॉकर, उमंग, दीक्षा यांच्या नावांशी मिळतीजुळती नावे घेऊन इतर लोकही ॲप काढतात. 'जाहिराती आहेत' आणि 'ॲपमधून खरेदी' हे दोन शब्द दिसले तर मुलाच्या हाती देण्यापूर्वी विचार करावा आणि खरेदीला पासवर्ड लावावा.

विद्यार्थ्यांसाठी एक चांगली सोय सांगते. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा ॲपमधून पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोड टिपला की त्या पाठाचे साहित्य मिळते. ते एकदा उतरवून ठेवले की नेट नसतानाही पाहता येते. ज्या घरात रोज नेट परवडत नाही, त्या घराला याचे मोल मोठे आहे.

पैशांच्या ॲपबद्दल मात्र एक खुलासा. यूपीआयच्या ॲपला खात्याशी जोडलेल्या नंबरचे सिम त्याच यंत्रात लागते. नुसत्या वायफायवर चालणाऱ्या टॅबमध्ये ते नोंदले जात नाही. तो टॅबचा बिघाड नव्हे.

कोणती परवानगी द्यावी?

२०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ॲपला कॅमेरा, संपर्क, एसएमएस, ठिकाण यांसाठी वेगवेगळी परवानगी मागावी लागते. ही आपल्या हातातील किल्ली आहे. स्वतःला विचारावे : या कामासाठी या ॲपला हे लागते का? क्यूआर कोड टिपणाऱ्या ॲपला कॅमेरा लागणारच. पण बॅटरीचे, चित्रे रंगविण्याचे किंवा खेळाचे ॲप आपले एसएमएस कशाला वाचील? झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲपनी ग्राहकांच्या संपर्कयादीतील नातेवाइकांना फोन करून बदनामी केल्याचे प्रकार आपण वर्तमानपत्रांत वाचले. त्यानंतर गुगलने २०२३ मध्ये कर्जाच्या ॲपना संपर्क व छायाचित्रे पाहण्यास मनाई केली. म्हणजे नियम आले, पण काहींची अब्रू गेल्यावर आले.

दूरच्या माणसाला आपला पडदा दाखविणारी ॲपही असतात. ती दुरुस्तीसाठी उपयोगी आहेत आणि अधिकृत दुकानातच मिळतात. परंतु फोनवरचा अनोळखी माणूस ती घ्यायला सांगतो, तेव्हा आपला पिन त्याला दिसतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच याबाबत सावध केले होते. तसे कोणी सांगितले की फोन ठेवून द्यावा.

एकदा दिलेली परवानगी परतही घेता येते. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग त्या ॲपचे नाव आणि परवानग्या, या वाटेने जावे.

ठेवणे आणि काढणे

टॅब ३२ जीबीचा असला तरी सारी जागा आपली नसते. काही जागा मूळ प्रणालीच घेते. जागा संपली की लोक घाईत मुलांचे फोटो पुसतात. त्याआधी ॲपची यादी पाहावी. 'कॅशे साफ करा' म्हटल्याने तात्पुरता साठा जातो, आपली माहिती जात नाही. 'डेटा साफ करा' म्हटल्यास मात्र त्या ॲपने टॅबमध्ये जपलेले सर्व जाते. हे दोन शब्द एक समजू नयेत. जे ॲप सहा महिने उघडले नाही, ते काढून टाकावे. जे ठेवले आहे, ते अद्ययावत ठेवावे, कारण सापडलेल्या त्रुटी त्यातूनच बुजविल्या जातात. टॅब जुना झाला की बँकेची ॲप चालत नाहीत. तेव्हा बाहेरून जुनी आवृत्ती शोधून आणू नये.

आता काउंटरवर वारंवार येणारा प्रश्न. "मॅडम, ॲप काढून टाकले, तरी दर महिन्याला पैसे का कापले जातात?" ॲप काढले म्हणजे वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमधील 'सदस्यत्वे' येथे जाऊन ती बंद करावी लागते. यूपीआयवर 'ऑटोपे' दिले असेल तर तेही वेगळे रद्द करावे लागते.

चूक झालीच तर

प्रथम टॅबचे नेट बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकत असतात, त्यामुळे येथे मिनिटे मोलाची असतात. आलेला संदेश पुसू नये, तो पुरावा आहे. आणि घरच्यांनी रागावू नये. त्या काकांचे दोन दिवस घरच्या भीतीत गेले, हे तरुण मुलामुलींनी ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे एक सवय आहे. आजोबांनी विचारले की नातू टॅब हातातून घेतो, दोन मिनिटांत काम करून परत देतो. काम होते, पण आजोबा होते तेथेच राहतात. माझी विनंती आहे की टॅब त्यांच्याच हातात राहू द्या. बोट त्यांचे असावे, सांगणे तुमचे असावे. वेळ लागेल, पण पुढच्या वेळी ते एकटे असतील तेव्हा तेच कामी येईल.

मी स्वतः काउंटरवर आता 'केवायसी करून घ्या' एवढेच म्हणत नाही. 'कागद घेऊन इथेच या, कोणत्याही संदेशावरून करू नका' असे म्हणते. रांग थोडी लांबते, मागचे लोक कुरकुरतात. चालेल.

ते काका पुढच्या महिन्यात टॅब घेऊन आले आणि माझ्यासमोर स्वतःच्या हाताने तीन नको असलेली ॲप काढली. चौथ्याने काहीतरी परवानगी मागितली. त्यांनी चष्मा सारखा केला, ओळ पूर्ण वाचली आणि 'नाही'वर बोट ठेवले.

आपण सर्वांनी एवढे जरी केले, तरी आजचा वर्ग सार्थकी लागला असे मी समजेन.