देहाचा दिंडी दरवाजा

उन्हाळ्यात लोणच्यासाठी कैऱ्यांच्या फोडी करून त्यांना मीठ लावले आणि परात झाकून ठेवली, की काही तासांतच तिच्या तळाशी पाणी साचलेले दिसते. हे पाणी कोणी वरून ओतलेले नसते. ते फोडींच्याच अंगातून निघालेले असते. गृहिणीला ही गोष्ट इतकी परिचयाची असते, की तिच्यात नवल करण्याजोगे काही असेल अशी शंकाही तिला येत नाही. परंतु या परातीत जो नियम काम करीत असतो, त्याच नियमावर माणसाचे जीवित क्षणोक्षणी अवलंबून आहे. पटकीच्या रोग्याचे प्राण जातात ते त्याच नियमाने, आणि वाचतात तेही त्याच नियमाने.

कैरी काय, किंवा माणसाचे शरीर काय, दोन्ही असंख्य सूक्ष्म पेशींची बनलेली आहेत. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ आवरण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. या पटलातून पाणी जाऊ शकते, पण मीठ सहजासहजी जाऊ शकत नाही. ज्या बाजूस मीठ अधिक, त्या बाजूस पाणी ओढले जाते. कैरीच्या फोडीबाहेर मीठ आले, म्हणून पेशींतील पाणी बाहेर पडले. नियम एवढाच आहे. मात्र त्याचे परिणाम फार दूरवर पोहोचतात.

हे पटल किती पातळ असावे? त्याची जाडी सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर असते. म्हणजे अशी लाखाहून अधिक पटले एकावर एक रचावीत, तेव्हा कोठे एक मिलिमीटर जाडी होईल. साध्या सूक्ष्मदर्शक यंत्राने त्याची रचना दिसणे शक्यच नव्हते. तरीही १९२५ साली हॉलंडमधील लायडन येथे गॉर्टर व ग्रेंडेल या दोघा संशोधकांनी मोठ्या युक्तीने तिचा शोध घेतला. त्यांनी रक्तातील तांबड्या पेशींमधून स्निग्ध द्रव्य वेगळे काढले आणि ते पाण्यावर पसरू दिले. आमटीवर तेलाचा तवंग पसरावा, तसा त्याचा एकपदरी थर पाण्यावर पसरला. त्याचे क्षेत्रफळ मोजता ते त्या पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. यावरून त्यांनी अनुमान काढले, की पेशीचे आवरण स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे असले पाहिजे. त्यांच्या मोजमापात काही उणिवा होत्या, असे पुढे दिसून आले. पण निष्कर्ष खरा ठरला.

तथापि केवळ तेलाच्या भिंतीने पेशीचे भागत नाही. भिंत अभेद्य असेल तर आतला प्राणी उपाशी मरेल, आणि सताड उघडी असेल तर आत-बाहेर हा भेदच उरणार नाही. म्हणून या तवंगात ठिकठिकाणी प्रथिनांचे मोठे रेणू बसविलेले असतात. १९७२ साली सिंगर व निकोल्सन यांनी पटलाचे जे चित्र मांडले, त्यात ही प्रथिने स्निग्ध द्रव्याच्या प्रवाही थरात तरंगत असतात. त्यांपैकी काही प्रथिने म्हणजे निरनिराळ्या पदार्थांसाठी राखलेली दारे होत. जुन्या वाड्याचा मोठा दरवाजा रात्री बंद झाला, तरी त्यातील लहानसा दिंडी दरवाजा ओळखीच्या माणसासाठी उघडला जातो. पेशीची व्यवस्था काहीशी तशीच असते.

या दारांखेरीज आणखी एक यंत्रणा पटलात अहोरात्र राबत असते. तिला सोडियम-पोटॅशियमचा पंप म्हणतात. डेन्मार्कमधील येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये तो उजेडात आणला, आणि त्याबद्दल ४० वर्षांनी, म्हणजे १९९७ मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा पंप दर खेपेस मिठातील सोडियमचे तीन कण पेशीबाहेर टाकतो व पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. रक्तात सोडियम जितके असते, त्याच्या सुमारे दहावा हिस्साच पेशीच्या आत असते. ही तफावत या पंपाने राखलेली असते. विहिरीतून मोटेने पाणी वर काढून उंचावरच्या हौदात साठवावे, आणि मग त्याच्या उताराच्या बळावर पाट वाहू द्यावा, तसाच हा प्रकार. मज्जातंतूंतून संदेश धावतात ते याच साठविलेल्या बळावर, आणि आतड्यात अन्नरस शोषला जातो तोही बव्हंशी याच बळावर.

आतड्याच्या कामाची व्याप्ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. माणूस दिवसाकाठी अन्नपाण्यावाटे सुमारे दोन लिटर द्रव घेतो. पण लाळ, जठररस, पित्त इत्यादींची भर पडून लहान आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो. यातील जवळजवळ सगळा परत रक्तात शोषला जातो, आणि पाव लिटरही वाया जात नाही. हा एवढा मोठा व्यवहार आतड्याच्या अस्तरातील पेशींच्या पटलांतून आणि त्या पेशींमधील सांध्यांतून चालतो. त्या व्यवहारात बिघाड झाला, की शरीराची विहीर काही तासांत आटते.

पटकीत नेमके हेच होते. महाराष्ट्राला या रोगाची भीषणता सांगावयास नको. गावोगावी वेशीजवळ उभी असलेली मरीआईची देवळे तिची साक्ष देतात, आणि पंढरपुरासारख्या यात्रांच्या ठिकाणी एकोणिसाव्या शतकात या रोगाने वेळोवेळी हाहाकार उडविला. संध्याकाळी धडधाकट असलेला माणूस सकाळी नसे. तीव्र विकारात रोग्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाते. डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, नाडी लागेनाशी होते.

रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात शोधून निश्चित केला, आणि तो काही विष निर्माण करीत असावा असे अनुमानही केले. परंतु त्या विषाचा प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास ७५ वर्षे जावी लागली. तो पुरावाही कलकत्त्यातच मिळाला. डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले, की ज्या द्रवात हे जंतू वाढविले तो गाळून घेतला, त्यात एकही जंतू उरला नाही, तरी केवळ त्या द्रवाने सशाच्या आतड्यात पाणी भरते. साध्या साधनांनी केलेल्या या प्रयोगाचे मोल जगाला पुष्कळ उशिराने कळले.

हे विष करते काय? पूर्वी अशी समजूत होती, की पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते. अस्तरच गेले तर तोंडाने दिलेले औषधपाणी शोषणार कोण? म्हणून रोग्याच्या पोटाला विश्रांती द्यावी, असे मत रूढ होते. १९६० साली रोग्यांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासण्यात आले, तेव्हा ही समजूत खोटी ठरली. अस्तर शाबूत होते. पुढे उलगडा झाला तो असा, की विष पेशीला मारीत नाही. ते पेशीच्या आतील संदेशव्यवस्था बिघडवून क्लोराइडची दारे उघडी ठेवावयास लावते. क्लोराइड बाहेर पडते, त्याच्यामागून सोडियम जाते, आणि जिकडे मीठ तिकडे पाणी, हा कैरीच्या परातीतील नियम येथे रोग्याच्या जिवावर उठतो.

पण अस्तर शाबूत आहे, याचाच दुसरा अर्थ असा, की बाकीची दारे अद्याप कामाची आहेत. त्याच १९६० साली प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज साखर एकटी शिरत नाही. ती सोडियमच्या सोबतीने शिरते. हे दार जोडीलाच उघडते. नुसते मीठ आले तर ते तेथेच खोळंबते. साखरेचा हात धरून आले तर आत घेतले जाते. पुढे निश्चित झाले, की साखरेच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन कण आत जातात. आत शिरलेले सोडियम मघाचा पंप पलीकडे रक्ताच्या बाजूस लोटतो, आणि जिकडे मीठ तिकडे पाणी या न्यायाने पाणीही रक्तात परतते. पटकीचे विष या दिंडी दरवाजाला हात लावू शकत नाही.

कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच रोग्यांना तोंडाने मीठ व ग्लुकोज देऊन पाहिले होते. पण त्यामागील कारण तेव्हा ज्ञात नसल्याने वैद्यकविश्वाने त्याची फारशी दखल घेतली नाही. १९६८ साली ढाक्याला नॅलिन व कॅश यांनी पद्धतशीर प्रयोग केले, तेव्हा शिरेतून द्यावयाच्या द्रवाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. खरी कसोटी मात्र १९७१ मध्ये लागली. पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले, आणि सरहद्दीवरील बनगाव येथे पटकीचा उद्रेक झाला. इस्पितळात दोन खोल्या, जमिनीवर पडलेले रोगी, आणि शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशा वेळी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बनवून घेतल्या. एका लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम सोडा, असे प्रमाण होते. पिंपांत हे पाणी कालवून ठेवले, आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या आयांवर, भावांवर, शेजाऱ्यांवर सोपविले. ३ हजारांहून अधिक रोग्यांवर असे उपचार झाले. पूर्वी मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. ते ४ टक्क्यांच्या खाली आले.

जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ही पद्धत जगभर नेली, आणि मराठीत तिला जलसंजीवनी हे सुंदर नाव मिळाले. पटकीच नव्हे, तर कोणत्याही अतिसारात, विशेषतः लहान मुलांच्या जुलाबात, तिचा उपयोग होतो. तयार पुडी नसेल तर उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवावा, आणि ते थोडेथोडे वरचेवर पाजावे. मीठ अंदाजाने वाढवू नये, कारण तेच पाणी उलट आतड्यात ओढून घेईल. जादा साखरेनेही तोच अपाय होतो. मुलाचे अंगावरचे दूध वा नेहमीचे अन्न तोडू नये. मूल निपचित पडले, त्याला पिववेनासे झाले, किंवा लघवी होईनाशी झाली, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरकडे न्यावे. तेथे शिरेतून द्रव देण्यास पर्याय नाही.

आजारी माणसाला मीठ घातलेली तांदळाची पेज देण्याची चाल कोकणात आणि घाटावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तांदळातील पिठूळ द्रव्याची पोटात साखर होते, आणि ती मिठाला आपल्याबरोबर आत नेते. ज्या आजीने ती पेज प्रथम शिजविली, तिला पेशीपटल ठाऊक नव्हते. परंतु जुलाब झालेल्या मुलाला पाणी देऊ नये, पोट रिकामे ठेवावे, अशी समजूतही त्याच घरांतून आढळत असे, आणि अजूनही कोठे कोठे आढळते. या दोहोंपैकी कोणती चाल ठेवावी आणि कोणती टाकावी, याचा निवाडा केवळ अनुभवाने झाला नाही. तो मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याहूनही पातळ अशा एका पडद्याच्या अभ्यासाने झाला. त्या पडद्यात एक लहान दार शेवटपर्यंत उघडे राहते. घरातील माणसाने हाती पेला घेऊन त्या दारी वेळेवर जावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.