इसार देण्याआधी गाडीखाली वाका
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही भाषण करणारा माणूस नाही. माझं उभं आयुष्य गाडीच्या खाली गेलं. समितीच्या लोकांनी सांगितलं की, आपल्या वस्तीतली पोरं आता जुने टेम्पो, छोटा हाथी, व्हॅन घेऊन धंदा करायला लागलीत, तर त्यांना चार अनुभवाचे शब्द सांगा. म्हणून उभा राहिलो. बोलण्यात काही चुकलं तर पोटात घाला.

आधी एक गंमत सांगतो. आपण मालाच्या कोणत्याही गाडीला "टेम्पो" म्हणतो. हा शब्द मराठी नाही आणि तो मुळात गाडीचा प्रकारही नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाडीचं ते नाव. 1958 साली फिरोदियांनी त्या कंपनीच्या सहकार्यानं आपल्याकडं बजाज टेम्पो कंपनी काढली आणि तिचं तीनचाकी वाहन गावोगाव गेलं. 1969 ला मॅटाडोर आली. 2005 साली कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं, पण आपल्या तोंडी टेम्पो राहिला तो राहिलाच. 1986 ला टाटाची 407 आली आणि 2005 ला टाटा एस, म्हणजेच आपला छोटा हाथी. या गाड्यांनी एक मोठं काम केलं. ज्याच्याकडं जमीन नाही, दुकान नाही, अशा माणसालाही स्वतःच्या धंद्याचा मालक होता आलं. मात्र नवी गाडी सगळ्यांना परवडत नाही. आपल्यासारख्याच्या दारात येते ती दुसऱ्याची वापरलेली.

मी 2003 साली एक जुनी मॅटाडोर घेतली. मंडपाचं सामान वाहायला. घेतल्या घेतल्या काय केलं? रंग दिला, सीटला रेक्झिन टाकलं, टेप बसवला, काचेवर नाव लिहून घेतलं. लोक म्हणाले, "वा, गाडी नवी केली!" मलाही तसंच वाटलं. पण मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेल ओघळलेलं दिसत होतं, तिकडं मी लक्ष दिलं नाही. व्हील सिलिंडर गळत होता. एक दिवस परळीकडं जाताना उताराला पायडल दाबलं तर ते सरळ फळीला टेकलं. गिअर पाडून, गाडी कशीबशी शेतात घातली. मी वाचलो; माझ्यासोबतच्या पोराचा पाय मोडला. त्याच्या आईसमोर उभं राहायची वेळ माझ्यावर आली. दोष गाडीचा नव्हता, माझा होता. पन्नास-शंभर रुपयांचं रबर बदलायचं सोडून मी रंगाला पैसे घातले होते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ब्रेक, मग स्टेअरिंग, मग टायर. त्यानंतर पाणी आणि ऑइल, मग लाइट-वायरिंग. बॉडी आणि रंग सगळ्यात शेवटी. थांबणारी गाडी जुनी दिसली तरी चालते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग उतारावर तापलं की त्याची उकळी लवकर होते, म्हणून दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावं. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो. 2319 असेल तर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातलं टायर. नक्षी शाबूत दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं.

आता गाडी बघायची कशी? पहिली गोष्ट, सकाळी जा, इंजन थंड असताना. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजून घ्या की काहीतरी झाकायचं आहे. चालू केल्यावर धूर बघा. निळा धूर म्हणजे इंजन ऑइल जळतंय, रिंगा गेल्यात. काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय, नाहीतर एअर फिल्टर कोंडलाय किंवा नोझल खराब आहेत. पांढरा धूर इंजन तापल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅसकिटची शंका घ्या. ऑइलचं झाकण उघडून बघा, आतून भकाभका वाफ आली तर इंजनचा खर्च जवळ आलाय. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का तेही बघा, पण गरम असताना झाकणाला हात लावू नका. तोंड भाजलेली माणसं मी पाहिलीत.

मग कपडे खराब झाले तरी चालतील, पण खाली वाका. आपली काळी माती पावसाळ्यात चेसीला चिकटते, ओल धरून ठेवते आणि आतल्या आत लोखंड खाते. वरून काळा रंग मारला की डोळ्याला दिसत नाही. हातोडीनं हळूच ठोकत जा. खणखण आवाज यावा, भदभद नाही. पाट्यांच्या जवळ नवं वेल्डिंग दिसलं तर विचारा, का केलं? छोट्या हाथीची वजनाची क्षमता सुरुवातीपासून पाऊण टन धरलेली. त्यात दोन-दोन टन ऊस, सिमेंट घालून पळवलेल्या गाड्या बाजारात येतात.

यावरून गाडी "सुधारण्याचा" विषय निघतो. आपली पोरं म्हणतात, मामा, पाटे वाढवून द्या, जास्त माल बसंल. अरे बाबांनो, पाटे वाढवले म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत. एक्सल, बेअरिंग, चेसी तीच राहते. गाडी खाली बसत नाही म्हणून आपल्याला वाटतं वजन पेललं, पण थांबवायच्या वेळी ते वजन आपल्या अंगावर येतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीनं दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सीएनजी बसवायचा तर मान्यता असलेल्याकडूनच बसवा, आरसी बुकात नोंद करा आणि टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करा. जादा लाइट-हॉर्न लावायचे तर रिले आणि फ्यूज घाला. बारीक वायरीवर जोड देऊन लावलेल्या लाइटनं गाड्या पेटतात.

चांगली सुधारणा कोणती? हौद्याला मजबूत फळ्या, माल बांधायला दोन्ही बाजूला कड्या, चांगली ताडपत्री, ड्रायव्हरच्या कमरेला आधार देणारी सीट, आणि मागे लाल चमकणारी पट्टी. या पट्टीला फार खर्च नाही. कारखाने सुरू झाले की रात्री आपल्या रस्त्यावर बिनालाइटच्या गाड्या किती असतात हे तुम्हाला सांगायला नको. मागून येणाऱ्याला आपण दिसलो पाहिजे.

आता कागद. इथं माझ्या घरचंच दुखणं सांगतो. माझ्या थोरल्या भावानं 2011 साली टेम्पो विकला. शंभराच्या बाँडवर लिहून दिलं, पैसे घेतले, किल्ली दिली. "नाव नंतर करून घेतो," म्हणाला घेणारा. भाऊ भोळा, भरवशावर राहिला. 2014 साली घरी नोटीस आली. त्या टेम्पोनं दुसऱ्या जिल्ह्यात एकाला उडवलं होतं. विमा संपलेला, आणि आरसी बुकावर नाव माझ्या भावाचं. आम्ही बाँड दाखवला. त्याचा काही उपयोग झाला नाही. शेवटी तडजोड झाली आणि त्यासाठी भावाचं एक एकर रान गेलं. मेलेल्या माणसाच्या घरी लहान लेकरं होती, त्यांना पैसा मिळायलाच पाहिजे होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण तीन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीपायी आमचं रान गेलं. पुढं फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच सांगितलं की, अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचं नाव, तो कायद्यानं मालक.

म्हणून विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं समजू नये. गाडीवर कर्ज होतं का बघा. फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 घ्या. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म 28 ची ना-हरकत घ्या, मगच आपल्या परभणीच्या कार्यालयात या. चेसी नंबर आणि इंजन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बुकाशी ताडून बघा. टॅक्स, विमा, फिटनेस, दंडाचे चलन हे सगळं आता मोबाइलवर दिसतं. आपल्याला जमत नसेल तर शिकलेल्या लेकीला विचारा. मालगाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं, तो खर्च आधीच धरा. एकूण वजन तीन हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही. आणि हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे 2024 साली न्यायालयाच्या घटनापीठानं पक्कं केलंय. एजंट यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

शेवटचं. जवळचा सगळा पैसा गाडी घेण्यात घालू नका. माझ्या हिशेबानं चार आणे दुरुस्तीला बाजूला ठेवावेत. कर्ज काढायचं तर सावकाराच्या दारी जाण्याआधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळात चौकशी करा. 1978 पासून ते आपल्यासाठीच आहे. आणि माता-भगिनींनो, गाडीची वही तुम्ही ठेवा. किती भाडं आलं, किती डिझेल, कधी ऑइल बदललं, हे सगळं लिहा. ज्या घरात वही आहे, त्या घरची गाडी मी सहसा हप्त्यासाठी ओढून नेलेली पाहिली नाही.

पोरांनो, गाडी बघायला जाताना मला हाक मारा. मी एक रुपया घेणार नाही. फक्त इसार देण्याआधी हाक मारा, दिल्यावर नाही. त्या मोडलेल्या पायाचं माझ्यावर अजून देणं आहे, ते मी असंच फेडतोय.

एवढं बोलून थांबतो. जय भीम! नमो बुद्धाय!